सतरा नंबर ‘नसावी’ म्हणाली

४ जून

ठकू,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं होतं, ते खोडलं. सात वर्षांनी पहिलं पत्र लिहायचं आणि सुरुवातच वडीलकीनं करायची, हे माझं मलाच बरं दिसेना. कागद बदलणार होतो, पण तुझी वहिनी म्हणाली, “राहू द्या खोडलेलं. तुम्हाला काहीतरी खोडता येतं, हे तरी कळेल तिला.” पत्ताही तिनंच दिला. तुम्हा दोघींचं बोलणं चालू असतं हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक आहे. या घरात असंच चालतं.

बातमी अशी की मला कानाचं मशीन लागलं. दोन्ही कानांना. मार्चमध्ये वहिनीनं हट्टच धरला. म्हणाली, “तीन हाका मारून तुम्ही वळत नाही, चौथी ओरडून मारते, आणि खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं आमचं भांडण चाललंय.” मशीन लावून पहिल्या दिवशी घरी आलो तर घर नुसतं बोलत होतं. फ्रिज घुरघुरतो. वर्तमानपत्राचं पान उलटताना केवढा आवाज होतो, ते मी विसरूनच गेलो होतो. तुझी वहिनी भाजी चिरताना स्वतःशी पुटपुटते, बहुतेक माझ्याचबद्दल. इतकी वर्षं सुखात होतो म्हणायचं.

हस तू. सगळ्या शाळांमधली पोरं ज्याला ‘तिखटकान’ म्हणायची, पाठ केलेलं भाषण जो मुलाच्या श्वासावरून ओळखायचा, त्याच्या कानामागे आता शेंगदाण्याएवढं यंत्र बसलंय. अगदी अलीकडचं आहे हे. वर्षभरापासून जरा कमी ऐकू येत होतं, एवढंच. डॉक्टर म्हणतात, वयोमान.

दुसरं म्हणजे, वादविवाद मंडळ माझा सत्कार करतंय. तेहेतीस वर्षं परीक्षक होतो म्हणून. कार्यवाह स्वतः घरी येऊन सांगून गेला. ऑगस्टमध्ये शालेय गटाची अंतिम फेरी आहे, त्याच दिवशी. तू यावंस असं वाटतं. झालं गेलं विसरून. आपण दोघांनी पहिल्या रांगेत बसून किती मुलांना गुण दिले, मध्ये पाण्याची एकच बाटली. तू आलीस तर लोकांनाही बरं वाटेल.

दादा


२१ जून

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. ‘ऐकू कधीपासून येत नाही, दादा?’ पाच शब्द, ‘दादा’ धरून.

प्रतिपक्षाला प्रश्न एकच विचारावा, आणि असा की उत्तर दिलं तरी तो अडकेल आणि नाही दिलं तरी अडकेल, असं तू मुलांना शिकवायचीस. मी मागे बसून ऐकायचो. मी लिहिलं आहे की वर्षभरापासून. तेच उत्तर आहे.

तुला सांगायचं आहे ते वेगळंच. त्या वर्षीच्या अंतिम फेरीची सीडी माझ्याकडे आहे. मंडळाकडून ती हरवली असं तुला सांगण्यात आलं होतं. हरवली नव्हती. माझ्या कपाटात, जुन्या गुणपत्रकांच्या खाली होती. गेल्या रविवारी काढली, मशीन लावलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ऐकली. शेंबडी पोरं खोकतात, खुर्च्या सरकतात, मग वेळाधिकारी म्हणतो, “सतरा नंबर, बाजू प्रतिकूल.”

विषय तुला आठवत असेलच. ‘शाळेत गणवेशाची सक्ती असावी.’ सतरा नंबर आधी समोरच्यांचा मुद्दा नीट मांडते. त्यांच्याहूनही चांगला मांडते. गणवेशानं समानता येते, गरीब-श्रीमंत झाकलं जातं, सगळं. मग म्हणते की झाकलेलं म्हणजे मिटलेलं नव्हे. आणि शेवटी म्हणते, “म्हणून सक्ती नसावी.” पुन्हा म्हणते, “नसावी.” तिसऱ्यांदा अगदी हळू म्हणते. तिन्ही वेळा ‘न’ स्वच्छ आहे.

मी गुणपत्रकावर लिहिलं होतं, ‘शेवटी बाजू बदलली. स्वतःचा मुद्दा स्वतःच खोडला. ३८.’ तू तिला ८४ दिले होतेस.

चार वेळा ऐकलं. चौथ्या वेळी वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. म्हणाली, “मला तर मशीनशिवाय ऐकू आलं.”

तू बरोबर होतीस, ठकू. मी चुकलो.

दादा


५ जुलै

ठकू,

तुझं उत्तर नाही. नसू दे.

मी चुकलो असं लिहून पाकीट चिकटवलं, तेव्हा खूप हलकं वाटलं होतं. दोन दिवसांनी कळलं की हलकं वाटावं असं त्यात काहीच नव्हतं. चूक कुणाच्याही हातून होते. मी जे केलं त्याला चूक म्हणत नाहीत. तुला सगळं पाठ असणार, तरी लिहितो. माझ्या अक्षरात लिहिलेलं तुझ्याजवळ असावं.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी तू आमच्याकडे आली होतीस. चप्पल न काढताच म्हणालीस, “दादा, माझ्या शाळेतली एक मुलगी अंतिम फेरीत आलीय. दोनदा घरी येऊन पुस्तकं घेऊन गेली. शिकवलं नाही मी तिला काही, पण मी परीक्षक म्हणून बसू का? मंडळाला सांगू?” मी म्हणालो, “पुस्तकं दिली म्हणून कुणी परीक्षण सोडतं का? बस तू. मंडळाला मी बघून घेतो.” तिसरे परीक्षक तापानं पडले होते, तू सोडलं असतंस तर मी एकटा उरलो असतो. मंडळाला मी काहीच सांगितलं नाही.

आपल्या गुणांत पंचवीसहून जास्त फरक पडला म्हणून नियमाप्रमाणे कार्यवाहानं आपल्याला बोलावलं. शाळेत दुसरी खोली रिकामी नव्हती, म्हणून रसायनाच्या प्रयोगशाळेत बसलो. ती उंच स्टुलं, पाय लोंबकळत. तू हळूच म्हणालीस, “दादा, ती नसावी म्हणाली. माइक फुटत होता, कुणालाही चुकलं असतं.” तू मला वाट काढून देत होतीस. मला ते तेव्हाच कळलं होतं. मी ती वाट घेतली नाही.

कार्यवाह म्हणाला, “सर, ध्वनिमुद्रण आहे, लावून बघू.” आणि मी म्हणालो, “मी परीक्षक आहे की टेपरेकॉर्डर? परीक्षकाचा निर्णय अंतिम असतो, असं तुमच्याच पत्रकावर छापलंय.” मग तो तुझ्याकडे बघायला लागला, आणि तू माझ्याकडे. तेव्हा मी ते वाक्य बोललो. “मुलगी हिच्या शाळेतली आहे. हिच्या घरी येते-जाते. विचारा हिला.”

चोराच्या उलट्या बोंबा, ठकू. तू नाही म्हणाली नाहीस, कारण ते खरं होतं. ‘मी दादाला आधीच सांगितलं होतं’ असंही म्हणाली नाहीस. का म्हणाली नाहीस, हे मी सात वर्षं स्वतःला विचारत नव्हतो. म्हणाली असतीस तर मी कानांवर हात ठेवले असते, आणि ते तुला बघायचं नव्हतं, असं आता वाटतं.

त्याच संध्याकाळी ‘अभ्यासाला नेतो’ म्हणून सीडी माझ्या पिशवीत गेली. पुढच्या आठवड्यात एकेचाळीस शाळांना परिपत्रक गेलं. त्यात ‘परीक्षकाचा पक्षपात’ हे दोन शब्द होते. मसुदा मला दाखवला होता. मी त्यातला एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत दिला.

दादा


१८ जुलै

ठकू,

कार्ड मिळालं. ‘प्रश्न तोच आहे.’

बरं. त्या स्पर्धेच्या दोन वर्षं आधीपासून.

दुसऱ्या गावी पुस्तकांचं प्रदर्शन आहे असं घरी सांगून मी गेलो होतो. कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या पेटीत बसवलं, टुकटुक वाजेल तेव्हा बटण दाबा म्हणाले. मी बटण हातात धरून बसून राहिलो. बाहेर आल्यावर आलेख दाखवला. रेघ डावीकडून बरी निघते आणि मग घसरगुंडीवरून उतरावी तशी खाली जाते. म्हणाले, “शब्दांच्या सुरुवाती तुम्हाला कळत नाहीत. उरलेल्यावरून अंदाज बांधता. मशीन लावा.” मी आलेखाची घडी करून शब्दकोशात ठेवली. वहिनीलाही सांगितलं नाही. ज्या माणसाला कानावरून नाव पडलंय, त्यानं कुणाला आणि काय सांगायचं?

अंदाजावर माझं बरं चाललं होतं. मुलांचे ओठ वाचायचो, म्हणून पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीचा माझा हट्ट. तुला वाटायचं मला मान हवा असतो. तोही हवा असायचा. त्या वर्षी सभागृहात नवा माइक आला. त्याच्यावर मुठीएवढा काळा स्पंज. मुलं त्याच्या मागे तोंड घालून बोलत होती, आणि मला फक्त भुवया दिसत होत्या. सतरा नंबरचे तर हातही हलत नव्हते. सक्ती, मग काहीतरी, मग ‘सावी’. विषयातलं वाक्य माझ्यासमोरच्या कागदावर होतं, त्यातलं ‘असावी’ मी तिच्या तोंडात घातलं.

म्हणजे प्रयोगशाळेत तू ‘ती नसावी म्हणाली’ असं सांगितलंस, तेव्हा तू बरोबर असणार हे मला त्याच क्षणी कळलं होतं. सीडीच्या पत्रात लिहिलं की चूक मार्चनंतर, मशीन लावल्यावर कळली, म्हणजे तसं तू समजावंस अशा बेतानं लिहिलं. ते खोटं. कार्यवाहानं ध्वनिमुद्रण लावलं असतं तर मला तिथेही ‘सावी’च ऐकू आलं असतं, आणि तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडे बघत बसला असतात. मला त्याची भीती वाटली. बाकी काही नाही.

त्यानंतरही पाच वर्षं मी परीक्षक होतो. शाळांमध्ये शिक्षक मुलांना सांगायचे म्हणे, तिखटकान असतील तर हात जरा जास्त हलवा, त्यांना आवडतं. खरंच आवडायचं. हातवारे करणाऱ्यांना मी भरभरून गुण दिले. ती गुणपत्रकं आहेत माझ्याकडे. उघडून बघायची हिंमत होत नाही.

सांगितलं. आता तू काहीही म्हण.

दादा


९ ऑगस्ट

ठकू,

‘मला लिहू नकोस. मंडळाला लिही.’ असं तू लिहिलंस. मंडळाला लिहिलं, म्हणून हे तुला कळवतोय. तेवढं चालेल असं धरतो.

तीन पानी पत्र मी स्वतः नेऊन दिलं. कार्यवाह माझाच विद्यार्थी, तुला माहीत आहे. वाचताना त्याचे कान लाल झाले. मग उठून त्यानं कार्यालयाचं दार लावलं. म्हणाला, “सर, तीन आठवड्यांवर सत्कार. पत्रिका छापून झाल्या. कशाला उकरून काढायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.” मी म्हणालो, मूठ माझी आहे, पण तिच्यात चिरडली गेली ती माझी बहीण. त्यानं कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाला, “बाईंचं नाव स्वच्छ व्हावं, एवढंच ना? ते करू. तुमच्या कानाचं कशाला आणायचं त्यात?”

आणि त्यानं लिहिलं. मी बसलो होतो समोर. सोबत जोडलं आहे, वाच. ‘सात वर्षांपूर्वीच्या अंतिम फेरीत ध्वनियंत्रणेतील दोषामुळे गुणदानात तफावत झाल्याचे निदर्शनास आले असून, संबंधित परीक्षकांविषयी गैरसमज नसावा.’ एकेचाळीस शाळांना गेलं. तुझ्या जुन्या शाळेलाही.

भाषा सरकारी आहे, पण अर्थ पोचतो. तुझ्यावरचा डाग गेला. मला वाटलं तुला आनंद होईल.

दादा


३० ऑगस्ट

ठकू,

परिपत्रक परत आलं. ‘ध्वनियंत्रणेतील दोषामुळे’च्या खाली लाल रेघ, आणि समासात, ‘माइक चालू होता.’ अक्षर अजून तसंच आहे तुझं, वर्गात फळ्यावर असायचं तसं.

त्या दिवशी तू ती पळवाट दिलीस ती माझी अब्रू राखायला, आणि मी ती लाथाडली. आता सात वर्षांनी तीच उचलली, तीही माझी अब्रू राखायला. हे तुझ्या रेघेकडे बघेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. भाषा शिकवण्यात जन्म गेला माझा.

म्हणून मी अंतिम फेरीला गेलो ते ठरवूनच गेलो. सत्काराच्या वेळी दोन शब्द बोलायचे होते. माइकसमोर उभा राहिलो. समोर तीनशे मुलं, कडेला शिक्षक, पहिल्या रांगेत तीन नवे परीक्षक. वाक्यं पाठ केली होती, श्वासावरून कुणीही ओळखलं असतं. म्हणालो, “सात वर्षांपूर्वी इथे सतरा नंबर ‘नसावी’ म्हणाली होती. मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येत नाही, हे मला तेव्हा माहीत होतं. दुसऱ्या परीक्षकांनी खरं सांगितलं. त्या माझी सख्खी बहीण. मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला आणि त्यांना इथून घालवलं. माइकमध्ये काही दोष नव्हता.”

एवढंच. खाली बसणार, तर टाळ्या. आधी मागून दोन-चार, मग सगळं सभागृह. प्रमुख पाहुण्या उठून म्हणाल्या की एवढा प्रांजळपणा हल्ली दुर्मिळ आहे, मुलांनी सरांकडून शिकावं. कार्यवाहानं डोळे पुसले. मानचिन्ह घ्यायचं नाही असं मी घरून ठरवून गेलो होतो. ते हातात दिलं आणि मी घेतलं. फोटोही काढून घेतला, ठकू. हसू येत नव्हतं तरी फोटोत मी हसतोय.

बाहेर जिन्यात दोन पोरं माझ्या पुढे चालली होती. एक म्हणाला, “म्हाताऱ्यानं काय भाषण ठोकलं यार. डोळ्यांत पाणी आणलं.” दुसरा म्हणाला, “पहिला नंबर त्याचाच.” मशीनमुळे सगळं ऐकू येतं हल्ली. तीनशे माणसांत एकानंही विचारलं नाही की ती बहीण आता कुठे असते.

घरी वहिनीनं ते मानचिन्ह टेबलावर ठेवू दिलं नाही. सध्या ते चपलांच्या कपाटावर आहे.

दादा


१९ सप्टेंबर

कार्ड १

ठकू, मागचं पाकीट न फोडता परत आलं. ठीक केलंस, त्यात बरंचसं माझंच कौतुक होतं. म्हणून आता कार्डं लिहितोय. कार्डाला फोडायला काही नसतं. पोस्टमन वाचेल, तुझ्या शेजारपाजारचे वाचतील. वाचू देत. पाच कार्डं आहेत, क्रमांक घातलेत. माझ्याविषयी त्यांत थोडंच आहे.

एकेचाळीस शाळांना मी हातानं लिहून पाठवलं. ‘दोष यंत्रणेत नव्हता, माझ्यात होता, आणि तो मी लपवला.’ मंडळाला विचारलं नाही. नऊ शाळांची पोच आली. तुझ्या जुन्या मुख्याध्यापकांनी लिहिलंय की पत्र शिक्षकांच्या खोलीत लावलं आहे.

कार्ड २

मग सतरा नंबरला शोधलं. मंडळाच्या नोंदवहीत नाव होतं. सात वर्षं ती माझ्यासाठी नुसता नंबर होती. आपल्या नियमातच तसं आहे म्हणा, परीक्षकाला नाव कळू द्यायचं नाही. पण निकालानंतर विचारायला कुणी अडवलं नव्हतं.

रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत ती खिडकीवर बसते. तेवीस वर्षांची आहे. मी रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे चार जण होते, म्हणून तिचं बोलणं ऐकता आलं. काय सांगायचं ते ती कागदावर लिहून पुढे सरकवते. ‘उपाशीपोटी या. सकाळी सात.’ बोलावंच लागलं तर बोलते, आणि लगेच विचारते, “सातच म्हणाले ना मी?” प्रत्येकाला विचारते. लोकांना वाटतं नवीन असेल. चार वर्षं झाली तिला तिथे.

कार्ड ३

माझा नंबर आला तेव्हा मी सांगितलं मी कोण ते. तिनं पेन खाली ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या बाकावर येऊन बसली. मी सगळं सांगितलं, कान, आलेख, सीडी. शेवटी म्हणाली, “म्हणजे मी नसावीच म्हणाले होते?”

मी म्हणालो, तीन वेळा.

म्हणाली, “सर, मला माहीत होतं. पहिले काही दिवस अगदी पक्कं माहीत होतं. पण तुम्ही तिखटकान. तुम्ही लिहिलंय बाजू बदलली, म्हणजे मी बदलली असणार, असं सगळे म्हणाले. मग मी आरशासमोर उभी राहून ते भाषण म्हणायची. म्हणताना मलाच कळेनासं झालं मी काय म्हणतेय. नंतर वर्गात उत्तर देतानाही तसंच व्हायला लागलं. तोंडी परीक्षा असली की मी जायचेच नाही.”

कार्ड ४

हे तुझ्यासाठी आहे. हे तुला कुणी सांगितलं नसणार.

ती म्हणाली, “बाईंनी मला त्याच दिवशी जिन्यात गाठून सांगितलं होतं, तू नसावीच म्हणालीस, मी ऐकलंय. माझा विश्वास बसला होता. पण मग बाईंनाच काढलं. घरचे म्हणाले, बघ, त्यांचा तुझ्यावर जीव आहे म्हणून त्या तसं म्हणाल्या, त्या पक्षपातीच आहेत, छापून आलंय. बाईंनी नंतर दोन पत्रं पाठवली. मी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, त्याही मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतायत.”

ठकू, मला वाटत होतं मी तुझं परीक्षकपद घेतलं, तुझी शाळा घेतली, तुला बदली मागून लांब जावं लागलं. एवढाच हिशोब मांडून मला लाज वाटत होती. तू त्या मुलीला दोन पत्रं लिहिलीस आणि वाट बघितलीस, हे मला माहीत नव्हतं. तिनं तुझं खरं खोटं धरावं, ही व्यवस्था मी केली. मला माफ कर, असं लिहिणार होतो. लिहीत नाही. मागावी अशी ती गोष्टच नाही.

कार्ड ५

उठताना ती म्हणाली, “बाईंचा पत्ता द्या.” तुला न विचारता मी दिला. तेवढा एक अपराध आणखी.

पत्ता मी तोंडी सांगितला, तिनं एका पावतीच्या मागे लिहून घेतला. मग सवयीनं मोठ्यानं वाचून दाखवला, घर नंबरापासून गावापर्यंत, अगदी सावकाश. मी कान देऊन ऐकलं. एक अक्षर चुकलं नव्हतं. मी ‘बरोबर’ म्हणायला तोंड उघडलं. पण “बरोबर म्हणाले ना?” हे तिनं मला विचारलंच नाही. ती मागे वळली आणि बाकामागच्या खिडकीत तिच्या जागी बसलेल्या मुलीला पावती दाखवून तिनं विचारलं, “लिहिलंय तेच वाचलं ना मी?”

पत्ता तिनं बरोबर लिहून घेतला आहे. अनोळखी अक्षरातलं पाकीट आलं, तर ते फोड.